बेडकाची बदली

मराठी माणसाला घरात प्राणी चालत नाहीत असं ज्यांना वाटतं, त्यांनी त्याच्या दिवाणखान्याची कधी शिरगणती केलेली नसते. सोसायटीच्या सभेत कुत्र्यांविरुद्ध तावातावाने बोलणारे आमच्या विंगमधले एक गृहस्थ सभा संपवून घरी जातात, तेव्हा दारावरच्या मण्यांच्या तोरणातले पोपट त्यांचं स्वागत करतात. किल्ली ते पितळी हत्तीच्या सोंडेला अडकवतात. चष्मा लाकडी सशाच्या नाकावर ठेवतात. पाठीमागे उशी घेतात, तिच्यावर हरीण. समोर टीव्हीच्या दोन्ही अंगांना दोन बगळे, माना एकमेकांकडे वळवून. एवढा सगळा राणीचा बाग भोवती मांडून ते बायकोला सांगतात, "स्पष्ट बोललो मी. घर म्हणजे काय प्राणिसंग्रहालय आहे?"

हा शौक आजचा नाही. श्रीरामपूर तालुक्यात प्रवरेच्या काठी दायमाबाद आहे. तिथे 1974 साली जमिनीतून ब्राँझच्या चार वस्तू निघाल्या: एक हत्ती, एक गेंडा, एक रेडा आणि बैलजोडीचा रथ. रथात माणूस उभा, आणि रथाच्या दांडीवर चक्क एक कुत्राही उभा. चारही वस्तू भरीव, मिळून वजन 60 किलोंच्या वर. साडेतीन-चार हजार वर्षांपूर्वीच्या मानल्या जातात. गंमत म्हणजे गेंड्याला चाकं आहेत, रेड्याला चाकं आहेत, हत्तीच्या पाटाला आस घालायची भोकं आहेत, पण चाकं गायब. म्हणजे चाकं हरवण्याची परंपराही तितकीच जुनी. हे प्राणी पूजेतले, मिरवणुकीतले की आणखी कशातले, यावर विद्वान बोलत राहतील. मला एवढंच दिसतं, की ज्या काळात धातू मिळवायला जीव काढावा लागत असे, त्या काळात कुणीतरी नांगराचा फाळ सोडून चाकावरचा गेंडा करवून घेतला. आणि तो घरी आणल्यावर आतून पहिला प्रश्न आलाच असणार: "हा ठेवायचा कुठे?"

फरक इतकाच, की मधल्या काळात घरातल्या प्राण्यांना फुकट बसून राहायची मुभा नव्हती. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात एकदा फक्त प्राणी बघायचे म्हणून चक्कर मारा. दिनकर केळकरांनी आपल्या लहान वयात गेलेल्या मुलाच्या, राजाच्या, नावाने घराघरांतून गोळा केलेल्या वस्तू आहेत त्या, 1975 साली त्यांनी सरकारच्या स्वाधीन केलेल्या. तिथले प्राणी बघून वाटतं, आपले पणजोबा कामचुकार जनावर उंबऱ्याच्या आत घेतच नसत. पोपट आहे, पण तो अडकित्ता आहे. चोचीत सुपारी धरून कातरतो. मोर आहे, तर तो दिव्याच्या माथ्यावर आहे. कुलूपसुद्धा जनावराच्या आकाराचं. चोराने आधी घाबरावं, मग किल्ली शोधावी. आणि माझी सगळ्यांत लाडकी वज्री. टाचा घासायची ती वस्तू. खाली खरखरीत पितळ आणि वर धरायला पक्षी, हत्ती, घोडा असं काहीतरी. पायाच्या भेगा घासायच्या वस्तूवर ज्या माणसाला पक्षी बसवावासा वाटला, त्याला मी मानतो. बसायला झोपाळा असेल तर त्याच्या कड्यांतून हत्ती, मोर आणि घोडेस्वार एकाखाली एक लटकत. त्यांच्या जिवावर आजोबा जेवणानंतर वामकुक्षी घेत. ते हत्ती आज जुन्या बाजारातून विकत आणून लोक दिवाणखान्यात नुसतेच टांगतात. खाली झोपाळा नाही, आजोबा नाहीत. साखळी छतापासून निघते आणि कुंडीपाशी संपते. हत्ती निवृत्त झाले.

निवृत्तांची वसाहत म्हणजे शोकेस. ज्या पिढीने दिवाणखान्यात काचेची सरकती दारं असलेलं कपाट आणलं, त्या पिढीने घरातल्या प्राण्यांना कायमची पेन्शन लावून दिली. हे कपाट भरायचं काम प्रामुख्याने दोन खात्यांकडे होतं. पहिलं सहल खातं. कन्याकुमारीला गेलं की शंखशिंपल्यांचं बदक, कोकणात गेलं की करवंटीचं माकड, म्हैसूरला गेलं की चंदनाचा म्हणून विकलेला हत्ती, ज्याचा वास पनवेल येईपर्यंत टिकत असे. दुसरं आणि अधिक प्रबळ खातं म्हणजे रुखवत. मुलीचं लग्न ठरलं की तिच्या आत्या, मावश्या आणि शेजारच्या काकू मिळून वर्षभर खाल्लेल्या पिस्त्यांची टरफलं बाहेर काढत आणि त्यांचा मोर करत. लोकरीचा कुत्रा, वायरचा पोपट, कापसाचे ससे आणि फ्यूज उडालेल्या बल्बला रंग देऊन केलेला पेंग्विन हे त्याचे सहप्रवासी. मांडवात लोक रांग लावून हे बघत आणि "हाताने केलंय?" असं विचारत. खरी अडचण लग्नानंतर सुरू व्हायची. हा पेंग्विन सुनेच्या माहेरचा. तो टाकला तर त्याचा अर्थ फक्त पेंग्विन टाकला असा होत नाही. त्यामुळे बल्ब गेला तरी पेंग्विन राहतो. माझ्या पाहण्यातल्या एका घरात त्या सूनबाईच आता सासू झाल्यात, पेंग्विनचं पोट फिकट झालंय, आणि तो अजून त्याच फळीवरून समोरच्या बल्बच्या पेंग्विनकडे बघतोय. समोरचा धाकट्या सुनेच्या माहेरचा.

या सुस्त राज्यात फेंगशुई आणि वास्तुशास्त्र आलं आणि प्राण्यांना पुन्हा नोकऱ्या लागल्या. या वेळी मात्र अंगमेहनतीच्या नव्हे, साहेबी. प्रत्येकाला खातं मिळालं, दिशा मिळाली, आणि सरकारी रिवाजाप्रमाणे दिशा हीच नेमणूक झाली.

यात सर्वांत जास्त वेळा बदली होणारा अधिकारी म्हणजे तीन पायांचा चिनी बेडूक. नाण्यांच्या ढिगावर बसलेला, तोंडात आणखी एक नाणं, चेहऱ्यावर भाव कुठल्याही कार्यालयातल्या अनुभवी कारकुनाचा. त्याच्याकडे अर्थखातं. आमच्या शेजाऱ्यांनी तो आणला आणि दारापाशी, बाहेर बघणारा असा ठेवला, येणाऱ्या पैशाला सामोरा जावा म्हणून. आठवड्याने त्यांच्या मेहुण्यांनी सांगितलं, अहो, तो बाहेर तोंड करून बसला तर पैसा बाहेर थुंकेल, आत वळवा. वळवला. आत वळवल्यावर त्याच्या नजरेसमोर नेमकं संडासाचं दार आलं, ते नियमात बसेना. स्वयंपाकघर निषिद्ध, झोपायची खोली निषिद्ध. मग बुटांच्या कपाटावर प्रतिनियुक्तीवर गेला, तिथे नातवाने तोंडातलं नाणं काढून हरवलं. चिनी नाणं पुन्हा कुठून आणणार? शेजाऱ्यांनी आपलं दोन रुपयांचं घातलं. "तेव्हापासून उत्पन्नही त्याच मानाने येतंय," असं ते स्वतःच सांगतात. सध्या बेडूक टीव्हीच्या बाजूला आग्नेयेला आहे, मात्र तो हंगामी कार्यभार आहे असं कळतं.

कासवाचं तसं नव्हतं. कासव आपल्या घरचंच. देवळात गेलं की गाभाऱ्यासमोर जमिनीत दगडाचं कासव असतं, आपण त्याला हात लावून पुढे जातो, ते देवाकडे तोंड करून शतकानुशतकं बसलेलं असतं आणि कुणाला काही मागत नाही. त्याचं धातूचं वंशज काचेच्या ताटलीत पाणी घालून उत्तरेला ठेवायचं असं फर्मान निघालं आणि घरोघरी ताटल्या भरल्या. आमच्या इमारतीत पावसाळ्यात पालिकेची माणसं डासांच्या अळ्या बघायला आली. कुंड्यांखालच्या थाळ्या बघितल्या, फ्रिजमागचा ट्रे बघितला, आणि उत्तर दिशेला येऊन थबकली. "हे कुणाचं पाणी?" घरातल्या बाई म्हणाल्या, "लक्ष्मीचं." त्यांनी ते आदराने मोरीत ओतलं. तेव्हापासून कासव कोरड्या ताटलीत आहे. पाण्याऐवजी खाली निळा कागद घातलाय. कासवाला फरक कळला नसावा. कुबेराचं माहीत नाही.

सात घोड्यांबद्दल मला नेहमी काळजी वाटते. पांढरे, धावते, लगाम नसलेले सात घोडे असं चित्र सोफ्याच्या वर लावतात. सूर्याच्या रथाला सात घोडे असतात हे आपल्याला ठाऊकच आहे, पण तिथे निदान सारथी असतो. इथे मोकाट. घोड्यांची तोंडं घराच्या आत हवीत, दाराकडे नकोत, नाहीतर भरभराट उधळून जिन्यात जाते. आता दहा बाय बाराच्या खोलीत आत धावणारे घोडे धावत धावत कुठे पोचणार? कांदे-बटाट्याच्या टोपलीपाशी. पाहुणा त्या सोफ्यावर बसला की त्याच्या डोक्यावरून सात घोडे जाताना दिसतात आणि तो मात्र निवांतपणे पोहे खात असतो. आणि हत्तीच्या सोंडेचा नवा पेच निराळाच. गणपतीच्या सोंडेचा डावा-उजवा प्रश्न आपण पिढ्यान् पिढ्या कसाबसा निभावत आलो होतो. उजव्या सोंडेचा असेल तर सोवळं-ओवळं कडक, हे लहान मुलालाही ठाऊक. आता साध्या हत्तीलाही सोंड वर हवी, खाली नको, असं निघालंय. डावं, उजवं, वर, खाली. चारही दिशा झाल्या.

या साहेबांत एकटं जपानी मांजर मला कष्टाळू वाटतं. पंजा वर करून बोलावणारं, मानेकी-नेको. तोक्योतल्या गोतोकुजी देवळात तर त्यांची फौजच उभी आहे. इच्छा पुरी झाली की लोक नेऊन ठेवतात. डावा पंजा वर असेल तर माणसांना बोलावतं, उजवा असेल तर पैशाला, असा सर्वसाधारण समज. युरोप-अमेरिकेतल्या लोकांना वाटतं ते टाटा करतंय, कारण त्यांची बोलवायची रीत तळहात वर करून बोटं आपल्याकडे घेण्याची. आपल्याला मात्र कुणी समजावून द्यावं लागत नाही. आपली आजी तळहात खाली करून "इकडे ये रे" असं ज्या हाताने बोलावत असे, तोच हा हात. बॅटरीवर चालणारं हे मांजर आता पुण्यातल्या दुकानांच्या गल्ल्यांवरही दिसतं. ते गिऱ्हाइकाला आत बोलावत असतं आणि गल्ल्यामागे मालक बसलेले असतात. एकाच दुकानात दोन परस्परविरोधी धोरणं.

आता तिसरी पिढी आली आहे. हिला शोकेस नको आणि वास्तूही नको. हिचा शब्द आहे 'ॲक्सेंट'. माझ्या मुलीने नवं घर लावताना सांगितलं, "बाबा, मला घर भरायचं नाहीये. फक्त मधेच एखादा छोटासा ॲनिमल ॲक्सेंट." मला ऐकून बरं वाटलं. मग खोकी येऊ लागली. चहाच्या कपाच्या कडेला लोंबकळणारा स्लॉथ, त्याच्या पोटात चहापत्ती. डायनोसॉरच्या पाठीत खड्डा, खड्ड्यात निवडुंग. भिंतीतून फक्त मागची बाजू बाहेर आलेला हत्ती, त्याच्या शेपटीला टॉवेल. पुस्तकं पडू नयेत म्हणून दोन टोकांना दोन कोल्हे, पुस्तकं मोजून चार. गंमत बघा, प्राणी पुन्हा कामाला लागले की! अडकित्त्यातला पोपट आणि टॉवेल सांभाळणारा हत्ती यांच्यात मला सरळ नातं दिसतं. फक्त पोपट सन्मानाने सुपारी कातरत होता, आणि हत्तीला मात्र कुणी समोरून बघायलाही तयार नाही.

फ्लेमिंगोचं प्रस्थ सर्वांत मोठं. उशीवर फ्लेमिंगो, पडद्यावर फ्लेमिंगो, पाण्याच्या बाटलीवर फ्लेमिंगो. हे गुलाबी खूळ मूळचं अमेरिकेतलं. डॉन फेदरस्टोन नावाच्या शिल्पकाराने 1957 मध्ये अंगणात रोवायचा प्लॅस्टिकचा फ्लेमिंगो घडवला आणि तिथली अंगणं गुलाबी झाली. पण आपल्याला ते खूळ परकं म्हणवत नाही, कारण खरे फ्लेमिंगो ठाण्याच्या खाडीत दर हिवाळ्यात हजारोंनी येतात. 2015 मध्ये तिथे त्यांचं अभयारण्य जाहीर झालं, 2022 मध्ये ठाणे खाडी रामसर यादीत गेली. नवी मुंबईने तर चौकाचौकांत त्यांचे पुतळे उभे केले. माझा एक मित्र नेरुळला राहतो. त्याच्या सुनेने परदेशातून फ्लेमिंगोचा दिवा मागवला, एका पायावर उभा, पोटात गुलाबी उजेड. तो ठेवायला खिडकीतली जागाच बरी होती. खाडीचा वास येतो म्हणून ती खिडकी ते उघडत नाहीत.

आणि घुबड. या पिढीला घुबडाचं काय वेड आहे कळत नाही. बटाट्याएवढे डोळे केलेलं, गोल पोटाचं, कापडी. मुलीच्या घरी माझी आत्या आली आणि दारातच थांबली.

"अगं, हे काय? घुबड? घरात?"

"आत्याआजी, क्यूट आहे ना?"

"असेल क्यूट. तोंड भिंतीकडे कर आधी त्याचं."

मी मध्ये पडलो. म्हटलं, आत्या, घुबड कुठे, पिंगळा आहे तो. आत्याच्या लहानपणी गावात पहाटे त्याच पक्ष्याच्या नावाचा पिंगळा जोशी येत असे, कंदील आणि डमरू घेऊन, घराघरासमोर थांबून भविष्य सांगत असे, आणि बायका त्याला सुपातून धान्य घालत. आत्याने चष्मा लावून उशी नीट बघितली. आकार मोजला. "पिंगळा असेल तर चालतो," ती म्हणाली, "तो बोलतो तरी." पुढच्या दिवाळीला तिने नातीसाठी काय आणलं असेल? पिंगळ्याची किल्ल्या अडकवायची खुंटी. इथूनच तो रोग सुरू होतो. एखाद्याला अमुक प्राणी आवडतो अशी बातमी नातेवाइकांत पसरली, की त्या माणसाला भेट काय द्यावी हा प्रश्न समाजापुरता सुटतो. मुलीने एक उशी घेतली होती. आज तिच्याकडे घुबडाचं घड्याळ, घुबडाची मीठदाणी, घुबडाचे मोजे आणि घुबडाचं पायपुसणं आहे, आणि तिला घुबडं आवडत नाहीत हे आता ती कुणालाच सांगू शकत नाही.

माझं स्वतःचं मत विचाराल तर (कुणी विचारत नाही) प्राणी लहान असावा, एकटा असावा आणि अपेक्षा नसेल तिथे असावा. कुंडीच्या काठावर मातीची एक गोगलगाय, जी पाणी घालतानाच दिसते. दाराच्या वरच्या चौकटीवर बसलेली चिमणी, जी उंच पाहुण्यालाच भेटते. क्रिस्टलच्या वस्तूंसाठी जगभर नावाजलेल्या ऑस्ट्रियन स्वारोव्हस्कीचा पहिला प्राणीही असाच, 1976 मधला एक उंदीर, झुंबरासाठीच्या तुकड्यांतून जुळवलेला. सिंह नाही, गरुड नाही, उंदीर! आपल्याला यात नवल वाटायचं कारण नाही. आपल्याकडे गणपतीच्या पायाशी तो कधीचा लाडू धरून बसलाय.

या तत्त्वाला अनुसरून मुलीने शेवटी पितळी मुंग्या आणल्या. दिवाणखान्याच्या भिंतीवर, स्विचबोर्डापासून छताकडे जाणारी एक रांग. नाजूक काम, चटकन लक्षात न येणारं, मला फार आवडलं. पहिल्याच रविवारी आमचे व्याही आले. चहा घेताना त्यांची नजर त्या भिंतीवर गेली, ते काही बोलले नाहीत, सभ्य माणूस. जाताना मात्र त्यांनी मला गॅलरीत घेतलं आणि हळूच सांगितलं, "तुम्ही मुलीला बोलायला संकोचाल, म्हणून मी सांगतो. हळद टाकून बघा. नाहीच गेल्या तर ती लक्ष्मणरेषा खडूची कांडी मिळते." संध्याकाळी निरोप आला की त्यांनी दोन कांड्या पाठवल्या आहेत.

पण या सगळ्या प्राण्यांची खरी पारख करणारी व्यक्ती एकच, ती म्हणजे ते रोज पुसणाऱ्या मावशी. आम्ही या प्राण्यांकडे कला म्हणून बघतो, पाहुणे कौतुक म्हणून बघतात, वास्तुवाले दिशा म्हणून बघतात. मावशींना फक्त फुटण्याची जागा दिसते. त्यांच्या प्राणिशास्त्रात तीन वर्ग: कानवाले, शिंगवाले आणि शेपटीवाले. ससा आणि घोडा कानाशी जातो, हरीण शिंगाशी, मोर कुठेही. आमच्याकडच्या बहुतेक जनावरांच्या अंगावर फेविक्विकचे व्रण आहेत, आणि एका हरणाचं डावं शिंग उजवीकडे बसलंय, ते आम्हाला वर्षाने कळलं. या दिवाळीच्या साफसफाईत जिराफाची मान गेली. मावशींनी दोन्ही तुकडे ओट्यावर नीट आणून ठेवले, पदराला हात पुसले आणि हिला म्हणाल्या, "ताई, पुढच्या वेळी आपलं कासवच आणा. ना कान, ना शिंग. आणि डोकं मोडलंच, तर आत घेतलंय म्हणून सांगता येतं."